एका सिमवर बोलत असताना दुसऱ्या सिमवर फोन का लागत नाही?

तुमचा फोन बिघडलेला नाही आणि सिम कंपनीही फसवत नाहीये. तुम्ही लिहिलंय की दोन्ही सिमला पूर्ण रेंज असते, तरी ऑफिसच्या सिमवर बोलत असलात की घरच्या नंबरवर फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं. नवा कुठला फोन घ्यावा असंही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की घरचे म्हणतात, तू मुद्दाम फोन बंद ठेवतोस. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

*#०६# दाबून बघा. दोन आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दिसतील. म्हणजे नेटवर्कच्या लेखी तुमच्या खिशात दोन स्वतंत्र फोन आहेत. आत मात्र सिग्नल पाठवणारा रेडिओ एकच आहे आणि दोन्ही सिम तो वाटून घेतात. दोन्ही सिम निवांत असतात तेव्हा हे सुरळीत चालतं. नेटवर्क प्रत्येक सिमला ठरलेल्या क्षणीच हाक मारतं, त्याला पेजिंग म्हणतात. फोरजीत हे अंतर ०.३२ ते २.५६ सेकंदांच्या दरम्यान असतं. रेडिओ आधी या सिमची हाक ऐकतो, मग त्या सिमची, मधल्या वेळात झोपतो. पण एका सिमवर कॉल सुरू झाला की रेडिओ त्या कॉलला बांधला जातो. दुसऱ्या सिमची हाक हवेत येते, ऐकायला कोणी नसतं, उत्तर जात नाही. नेटवर्क पुन्हा हाक मारून बघतं आणि मग कॉल करणाऱ्याला ती रेकॉर्ड केलेली बाई ऐकवतं. स्क्रीनवरच्या दांड्या मात्र तशाच दिसत राहतात.

मी हिंजवडीत मोडेम, म्हणजे फोनमधला नेटवर्कशी बोलणारा भाग, तपासण्याचं काम करते. पेजिंग चुकलं की का चुकलं हे लॉगमध्ये शोधणं, हेच माझं रोजचं काम. तरीही माझ्या स्वतःच्या घरात हे मला सगळ्यांना पटवता आलेलं नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात बाबा सहकारनगरच्या घरी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. आईने मला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, तेच. मी तेव्हा कंपनीच्या सिमवर एका लांबलेल्या कॉलमध्ये होते. आईने नाशिकला दादाला कळवलं, त्यानेही लावून बघितला, त्यालाही तेच ऐकू आलं. शेवटी शेजारच्या काकांनी बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं. माझा कॉल संपल्यावर मिस्ड कॉलचे एसएमएस एकामागून एक आले आणि मी वाकडच्या पुलावरच्या गर्दीतून वाट काढत पोचले, तोवर एक्सरे होऊन गेला होता. बाबांचं ऑपरेशन नीट झालं, आता ते काठी घेऊन फिरतात. पण त्या संध्याकाळी दादा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आत्यासमोर म्हणाला, "पुण्यात राहून उपयोग काय? ही कामावर गेली की फोन बंद करते." ते वाक्य पुढे सगळ्या नातेवाइकांत फिरलं.

त्याच वर्षी दिवाळीला सगळे जमले होते. मी दादाला हॉलमध्ये बसवलं, आईच्या फोनवरून माझ्या ऑफिसच्या नंबरवर कॉल लावला आणि तो चालू ठेवून दादाला म्हटलं, आता तुझ्या फोनवरून माझा घरचा नंबर लाव. माझा फोन त्याच्या डोळ्यांसमोर टेबलावर, दोन्ही सिमच्या दांड्या भरलेल्या. त्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू आलं. स्पीकरवर टाकल्यावर आत्यानेही ऐकलं. वहिनी म्हणाली, "अहो, हिचं खरंय की." मी त्याला समजावलं: एकच डॉक्टर दोन दवाखाने चालवतो, पण एका ठिकाणी ऑपरेशनला उभा राहिला की दुसरीकडे कोण आलं हे त्याला कळणार कसं? यावर दादा काय म्हणाला? "मग तू बोलत होतीस ना? बीप वाजला असेल, तू उचलला नाहीस." कॉल वेटिंगचा बीप त्याच सिमवर दुसरा कॉल आला तरच वाजतो. दुसऱ्या सिमचा कॉल फोनपर्यंत पोचलेलाच नसतो, तर वाजणार काय? हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग दोन फोन ठेवायचे."

दादा, तू हे वाचत असशील तर हे नीट वाच. फोन खरोखर बंद करताना तो नेटवर्कला 'मी जातोय' असा संदेश पाठवून जातो. नेटवर्कला माहीत असतं की तो बंद आहे, म्हणून 'स्विच ऑफ' ऐकू येतं. हाक मारूनही उत्तर आलं नाही, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं. तुला त्या दिवशी 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' हेच वाक्य ऐकू आलं होतं, हॉस्पिटलमध्ये तू स्वतःच मला ते सांगितलंस. आणि माझ्या कॉल लॉगमध्ये त्याच वेळेत ऑफिसचा कॉल चालू दिसतो. बंद फोनवर कॉल चालतो का?

असो. प्रश्न विचारणाऱ्यांना: कंपन्या दोन रेडिओ का टाकत नाहीत? पैसे आणि बॅटरी हे आहेच, पण खरी अडचण अशी की शेजारी शेजारी बसलेले दोन ट्रान्समीटर एकाच वेळी चालले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि फोनच्याच रिसीव्हरला बहिरं करतात. शिवाय शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवर आपल्याकडे १ ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रति किलो अशी मर्यादा आहे, तीही दोघांत मिळून पाळावी लागते. ही कारणं मला मान्य आहेत. मान्य नाही ते एवढंच की खोक्यावर 'ड्युअल फोरजी' मोठ्या अक्षरांत छापतात आणि एका सिमवर बोलताना दुसरं बंद पडेल हे कुठेच ठळक छापत नाहीत. खोक्यावर किंमत छापावी लागते तशी हीही ओळ मराठीत छापायला लावली पाहिजे. ती असती तर किती घरांतली भांडणं टळली असती.

उपाय म्हणाल तर वायफाय कॉलिंग दोन्ही सिमवर चालू करा. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. माझ्या वेळी ते नव्हतं. वायफायवर असलेल्या सिमला कॉल घ्यायला मोबाइलचा रेडिओ लागत नाही, त्यामुळे बहुतेक फोनांवर दुसरा नंबर वाजतो. घराबाहेर असाल तर घरच्या सिमच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन 'संपर्क होत नसेल तेव्हा' या पर्यायात ऑफिसचा नंबर भरा, आणि ऑफिसच्या सिमवर कॉल वेटिंग चालू ठेवा. मग आईचा फोन तिकडे वळतो आणि बीप खरंच वाजतो. *४०१# वाली जुनी पद्धत विसरा, दूरसंचार विभागाने ती एप्रिल २०२४ पासून थांबवली. आणखी एक: ऑफिसची बैठक डेटावरून, व्हॉट्सॅप किंवा टीम्सवर घेतलीत तर रेडिओ अधूनमधून क्षणभर डेटा सोडून दुसऱ्या सिमची हाक ऐकून येतो. आवाज कधी किंचित तुटेल, पण घरचा फोन लागेल.

नवा फोन घ्यायचाच असेल तर तपशिलात डीएसडीए (ड्युअल सिम ड्युअल ॲक्टिव्ह) आहे का ते बघा. अशा फोनमध्ये दोन्ही सिम एकाच वेळी चालू शकतात, पण तेही ठरावीक फ्रिक्वेन्सी बँडच्या जोड्यांवरच. थ्रीजीपीपी, म्हणजे मोबाइल नेटवर्कचे जागतिक नियम ठरवणारी संघटना, हिच्या २०२२ मध्ये आलेल्या नियमांच्या सतराव्या आवृत्तीत फोनने नेटवर्कला 'मी दुसऱ्या सिमवर आहे' असं सांगण्याची सोयही झाली आहे. ती फोन आणि नेटवर्क दोघांकडे असेल तरच उपयोगाची.

आणि हो, 'स्विच ऑफ' आणि 'बाहेर' यांतला फरक प्रत्येक नेटवर्क काटेकोर पाळतंच असं नाही. बॅटरी अचानक संपली तर निरोप न देताच फोन जातो, तेव्हाही 'बाहेर' ऐकू येऊ शकतं. म्हणून घरी पटवायचं असेल तर रेकॉर्ड केलेल्या वाक्यावर विसंबू नका, कॉल लॉगमधली वेळ दाखवा. त्या वेळेला कोणाकडे उत्तर नसतं.