युरोपात इतके देश आहेत, मग तिथल्या आकाशातली विमानं नेमकं कोण सांभाळतं?

तुम्ही विचारलंय की दोन तासांत विमान चार देश ओलांडतं, तर दर सरहद्दीला परवानगी लागते का, आणि अख्ख्या युरोपचा एकच नियंत्रण कक्ष का नाही.

परवानगीसाठी कुणी थांबत नाही. फ्लाइट प्लॅन पुढच्या कक्षाकडे आधीच गेलेला असतो. हद्द जवळ आली की कंट्रोलर वैमानिकाला पुढची फ्रिक्वेन्सी देतो, एवढंच. हे प्लॅन ब्रुसेल्सच्या युरोकंट्रोलकडे, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक हवाई वाहतूक संस्थेकडे, एकत्र जमतात. पुढे कुठल्या भागात गर्दी झेपणार नाही हे तिथे कळतं आणि विमान जमिनीवरच थोपवलं जातं. एकदा मी लख्ख उन्हात पाऊण तास विमानात बसून होतो. वैमानिक म्हणाला, स्लॉट (उड्डाणाची ठरवून दिलेली वेळ) मिळालेला नाही. गर्दी वाटेतल्या तिसऱ्याच देशावर होती.

एकच कक्ष नाही, कारण १९४४च्या शिकागो करारानुसार ज्याची जमीन त्याचंच आकाश. पण मालकी ठेवून काम दुसऱ्याकडे सोपवता येतं. मास्ट्रिख्टचा कक्ष बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरचं २४,५०० फुटांच्या वरचं आकाश सांभाळतो.

दक्षिण जर्मनीवरच्या आकाशाचा एक भाग असाच स्वित्झर्लंडच्या झ्युरिक कक्षाकडे होता. तिथेच, उबरलिंगेनवर, १ जुलै २००२च्या रात्री एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळलं. ७१ माणसं गेली, त्यांत ५२ मुलं. झ्युरिकला एकटा कंट्रोलर दोन जागांचं काम पाहत होता, देखभालीमुळे मुख्य फोन बंद होता. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे कक्षाच्या पडद्यावर धोक्याचा इशारा आला होता. तिथल्या कंट्रोलरने झ्युरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला, लागला नाही, आणि दुसऱ्या कक्षाच्या विमानाशी थेट बोलायची त्याला मुभा नव्हती. इकडे रशियन विमानातलं टीकॅस (टक्कर टाळायला वैमानिकाला सूचना देणारी यंत्रणा) 'वर जा' सांगत होतं आणि कंट्रोलर 'खाली या'. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. मालवाहू विमान टीकॅसच्या सूचनेप्रमाणे खालीच येत होतं. त्या फोनबद्दल वाचलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला: कंट्रोलर आणि टीकॅसचं जुळलं नाही तर वैमानिकाने टीकॅसचंच ऐकायचं. (आपल्याकडे १९९६मध्ये चरखी दादरीला दोन विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा बळी गेला, तेव्हा टीकॅस सक्तीचं झालं.)

तुम्ही म्हणता तसं एकसंध आकाश करायचा प्रयत्नही चालू आहे. 'सिंगल युरोपियन स्काय'चे पहिले कायदे २००४मध्ये झाले. वळसे वाचले तर इंधन वाचतं, वेळ वाचतो, हे कुणीच नाकारत नाही. तरी २०१३मध्ये मांडलेली सुधारणा मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. मला हा उशीर अक्षम्य वाटतो.