तोरणमाळचा घाट: चढायचं सोडा, उतरायचं बघा

भाऊ, नवी गाडी आहे, हात अजून पुरता बसला नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन तोरणमाळला जायचंय तर सातपायरीचा घाट जमेल का असं विचारलंय तुम्ही. जमेल. पण जो तो चढायचं टेन्शन घेतो, खरी काळजी उतरताना घ्यायची असते.

तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास आहे, शहादा पार खाली तापीच्या सपाटीवर, म्हणजे परत येताना उतारच उतार. सारखा ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी पाहिजे तशी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसरा, अगदी कडक वळणाला पहिला, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर मारायचा, वेग कमी झाला की सोडायचा. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा गाडी बंद करून उतरायचं जे आपल्याकडे चालतं ना, ते हात जोडून सांगतो, करू नका, इंजिन बंद पडलं की ब्रेकही दगडासारखा होतो आणि स्टेअरिंगही.

आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपली डावी बाजू सोडू नका, वळण कापून आतून घ्यायचा मोह होतोच. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा गाडी चालवण्याच्या २०१७ च्या सरकारी नियमावलीतला नियमच आहे, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलणं अवघड. जीपवाले मागून घाई करतील, त्यांचा रोजचा रस्ता आहे, रुंद जागा बघून त्यांना पुढे काढून द्या. त्यात कमीपणा काही नाही.

दिवाळीत अस्तंबा डोंगरावरची यात्रा असते, तेव्हा धडगावकडून चांदसैली घाटाने फिरून यायचा बेत नकोच, माणसांनी खच्चून भरलेल्या पिकअप असतात त्या बाजूला. म्हसावद-राणीपूरवरूनच जा-ये करा.

आणि चारच्या आत वरून निघा. खाली शहाद्याच्या पट्ट्यात कारखाने सुरू झाले असतील तर ऊसाच्या डबल ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात अगदी जवळ गेल्यावर दिसतात. साइड देताना पण बघून, पाऊस झाला असेल तर कडेच्या काळ्या मातीत चाक रुततं. पेट्रोल, हवा शहाद्यातच बघून घ्या.