नव्या घराचा पहिला पावसाळा

घर बदललेल्यांची पत्रे जुलैत वाढतात. उन्हाळ्यात घर पाहिलेले असते, मुहूर्त गाठून दूध उतू घातलेले असते, आणि पाऊस सुरू झाला की घर बोलायला लागते. यावेळी सांगली आणि मिरजेतून आलेल्या पत्रांपैकी काही.

शामरावनगरात एप्रिलमध्ये नव्या बंगल्यात राहायला आलो. पाऊस लागल्यापासून बेडरूमचे दार घासते आणि हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर दिसते आहे. बिल्डर म्हणतात, "नवं घर आहे, बसतंय." खरे आहे का?

दार आणि चीर वेगवेगळे बघू. दाराला आत्ता रंधा मारू नका. लाकूड फुगलेले आहे. आज तासून नीट बसवलेत तर मार्चमध्ये चौकटीत बोटभर फट पडेल. पाऊस संपल्यावर पल्ला उतरवून त्याची वरची आणि खालची कड बघा. बहुतेक ठिकाणी तिथे रंगाचा हातच फिरलेला नसतो, आणि लाकूड तिथूनच ओल पिते. कोरडे झाल्यावर त्या दोन कडा रंगवल्या की निम्मे दुखणे जाते.

चिरेबद्दल मात्र "बसतंय" एवढ्यावर समाधान मानू नका. बीम आणि वीटकाम जिथे मिळतात तिथे सरळ, केसाएवढी रेघ आली असेल, तर ती दोन पदार्थांच्या वेगळ्या आकुंचनाची. प्लास्टर करताना तिथे जाळी मारली नाही, एवढाच तिचा अर्थ. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी चीर पायाकडे बोट दाखवते. तुमच्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे घर तिच्याबरोबर वर-खाली होते. अशा मातीसाठी खाली फुगा असलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब (अंडर-रीम्ड), रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने 1950च्या दशकातच विकसित केले होते. तुमच्या पायात काय घातले आहे, हे नकाशा मागवून बघा.

सध्या करायचे ते स्वस्त आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आणि एक काचेची पट्टी चिरेवर आडवी चिकटवा. पट्टी तडकली किंवा चीर खुणेच्या पुढे गेली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तो बिल्डरचा नको. तोवर भिंतीला लागून बागेला पाणी घालणे बंद करा, पागोळ्यांचे पाणी पायापाशी साचू देऊ नका, घराभोवती उतार दिलेली फरशी करून घ्या. पुट्टी भरून रंग मारण्याची घाई तर मुळीच नको. रंगाखाली चीर वाढली तरी दिसत नाही.

गावभागात जुने मातीचे घर घेतोय. किंमत चांगली आहे, पण पुराची धास्ती वाटते. काय बघावे?

आधी शेजारच्या घरातल्या वयस्कर माणसाला एकच प्रश्न विचारा: "आयर्विनला किती फूट झालं की इथं पाणी येतं?" आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. तिथे 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2021 मध्ये 55च्या आसपास. शेजारी आकडा सांगतात, बरेचदा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतचासुद्धा. विकणारा मात्र "एकदाच आलं होतं" म्हणेल. शिवाय महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर पुढे बांधकामाच्या परवानगीचा प्रश्न येणारच.

घर घेतलेच, तर मातीच्या भिंतींना सिमेंटचे गुळगुळीत प्लास्टर करू नका. जाड मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आत अडकते, भिंतीला लोणा लागतो आणि दोन-चार वर्षांत प्लास्टरचे पापुद्रे पडतात. चुन्याचेच प्लास्टर करा. कारागीर शोधावा लागेल, पण अजून मिळतात. मीटर, बोर्ड, इन्व्हर्टर 2019च्या खुणेच्या वर घ्या, आणि घरात माळा असेल तर तो मोकळा ठेवा. पाणी येताना तिथे काय काय चढवावे लागते, ते ज्यांनी अनुभवलेय त्यांना सांगावे लागत नाही.

मिरजेत बोअरचे पाणी आहे. नळावर पांढरा थर साचतो आणि गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.

झिणझिण्या आधी. आजच गीझर बंद करा, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गरम पाणी गॅसवर घ्या. जड पाण्यात गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, कॉइल जादा तापते, तिचे कवच तडकते आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग चांगले असते तर नळापर्यंत पोहोचलीच नसती. म्हणजे दोन दोष एकत्र आहेत. कॉइल बदला, अर्थिंग तपासा, आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी असला तरी हा वेगळा लागतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस.

पाण्याची तपासणी करून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. कृष्णाकाठच्या बऱ्याच जमिनी क्षारपड झालेल्या आहेत, त्यामुळे बोअर खारट लागणे नवलाचे नाही. पिण्यासाठी नळाचे पाणी, वापरायला बोअरचे, अशी विभागणी जमत असेल तर सॉफ्टनरचा खर्च टळतो.

दाराचे तोंड दक्षिणेला आहे. सासूबाई रोज विषय काढतात.

दिशेवर मी बोलत नाही, सासूबाईंवर तर मुळीच नाही. पण आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो हे खरे आहे, आणि दक्षिण-पश्चिमेच्या दाराला चांगला रुंद छज्जा नसेल तर उंबरा कुजतो. छज्जा वाढवून घ्या, उंबरा दगडी करा. बहुधा विषयही थोडा मागे पडेल.

विश्रामबागेत फ्लॅट घेतला. बाथरूमच्या छताला ओल येते. वरचे काका म्हणतात, आमचे काही नाही.

त्यांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूममधले पाणी जाण्याचे भोक बंद करून दोन बोटे रंगीत पाणी भरा आणि 24 तास थांबा. तुमच्या छताला रंग उतरला तर वाद मिटला. नाही उतरला तर भिंतीतल्या पाइपांवर संशय घ्या. त्यासाठी आधी प्लंबर, मग फरशी फोडणे. हे काम पावसातही करता येते, पण काकांशी बोलायला चहाच्या वेळी जा.