रोजच्या वापरासाठी फ्रंट व्हील ड्राइव्ह घ्यावी की रिअर व्हील ड्राइव्ह?

रोजचं ऑफिस, बाजार, अधूनमधून हायवे एवढंच असेल तर फ्रंट व्हील ड्राइव्ह घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं आणि तीच चाकं गाडी ओढतात. त्यामुळे ओल्या रस्त्यावर, चिखलात पकड चांगली मिळते. शिवाय प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा) नसल्याने आत पाय ठेवायला जागा जास्त.

रिअर व्हील ड्राइव्हचा खरा फायदा गाडी भरलेली असताना, चढावर किंवा मागे ट्रेलर जोडल्यावर कळतो, कारण तेव्हा वजन मागे सरकतं. रिकामी गाडी मात्र ओल्या वळणावर जोरात रेस दिली की शेपूट बाहेर काढते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू लागलं की त्याला आपोआप आवरणारी यंत्रणा) असेल तर हा धोका बराच कमी होतो.

देखभालीत फ्रंटवाल्यांनी एक गोष्ट पाहावी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज आला तर बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा) गेला समजा. बहुतेक वेळा आधी त्याचं रबरी बूट (आवरण) फाटतं, ग्रीस बाहेर उडतं आणि आत धूळ-पाणी शिरतं. आवाज यायच्या आत बूट बदललं तर जॉइंट वाचतो. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दर ८-१० हजार किलोमीटरला टायर रोटेशन करा, म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावा. आणि दोनच नवे टायर घेतले तर, ऐकायला उलटं वाटेल, पण ते मागे बसवा. नाहीतर झिजलेले टायर मागे राहतात आणि पावसात मागची बाजू घसरते.