मुंबईतल्या घरात ऑर्किडची पानं पिवळी पडत आहेत, झाड वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की वाढदिवसाला मिळालेलं जांभळं ऑर्किड एप्रिलपर्यंत छान होतं, आता पावसाळ्यात खालची तीन पानं पिवळी पडली, वरची लुळी झाली आहेत, आणि पाणी वाढवावं की खत घालावं ते कळत नाहीये. दोन्ही करू नका. आधी कुंडी उपडी करून मुळं बघा.

इतक्या ठामपणे सांगते, कारण माझं पहिलं झाड मी पाणी घालून घालवलं. मुलुंडच्या घराच्या वास्तुशांतीला कुणीतरी आणलेलं पांढरं फॅलेनॉप्सिस, म्हणजे घरात सर्रास ठेवतात तो ऑर्किडचा प्रकार, होतं. पानं सुरकुतली की मला वाटायचं तहान लागली असेल, की लगेच पेलाभर पाणी. शेवटी बाहेर काढलं तेव्हा वरचं मॉस, म्हणजे कुंडीत भरलेलं शेवाळ, हाताला कोरडं लागत होतं आणि आत गच्च ओला गोळा, त्याच्याही पोटात रोपवाटिकेतली इवलीशी प्लॅस्टिकची जाळी, आणि कुजक्या गवताचा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि हातात नुसता दोरा राहिला. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं सुकतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. पाण्यात उभं राहून ते झाड तहानेनं मेलं.

हे झाड मुळात मातीतलं नाही, झाडांच्या खोडांवर राहणारं आहे. कोकणात आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी फुललेली तुम्ही पाहिली असेल. तीही आमरीच, म्हणजे ऑर्किडच. लोक तिला बांडगूळ म्हणतात, पण बांडगूळ यजमान झाडातला रस शोषतं, आमरी फक्त बसायला जागा घेते. तिच्यावर आपल्या खिडकीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळतो आणि तरी ती कुजत नाही, कारण सर थांबली की वारा लागून मुळं सुकतात. आपल्याकडे बंद खोलीत, दमट हवेत, काचेच्या शोभेच्या कुंडीत मॉसचा गोळा आठ-आठ दिवस वाळत नाही. पावसाळ्यात पानं पिवळी पडण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

आता उपचार. गोळा पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, म्हणजे मॉस मुळं न तुटता सुटेल. सगळं मॉस काढा, आतली जाळी असेल तर तीही कापून काढा. मग एकेक मूळ बोटांनी दाबून बघा. टणक ते जिवंत, रंग हिरवा, पांढरा किंवा पिवळसर कसाही असो. मॉसमध्ये उजेड न मिळालेली मुळं पिवळटच दिसतात, ती उगाच कापू नका. मऊ, पोकळ, तपकिरी ते मेलेलं. कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून, गार करून मेलेला भाग कापा. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा, ती जखम सुकवते आणि बुरशीला अटकाव करते. चांगल्या मुळांवर मात्र ती सांडू देऊ नका, तीही सुकतील. फुलांचा दांडा अजून असेल तर तोही कापा. जीव जड होतो, मला ठाऊक आहे, पण आजारी झाडाची ताकद फुलं पोसण्यात जाते.

रात्रभर सावलीत, पंख्याच्या झुळकीत उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासाला तापल्या सुईनं तळाशी आणि बाजूंनी भरपूर भोकं पाडा आणि त्यात लावा. भरायला लोणारी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे, धुऊन, आणि त्यात थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे. माती अजिबात नको. ग्लास मुळं जेमतेम मावतील एवढाच घ्या. मोठ्या कुंडीत ओल साचते.

एकही मूळ उरलं नसेल तरी टाकून देऊ नका. जुलैत मुंबईची हवाच इतकी दमट असते की झाड रिकाम्या ग्लासाच्या तोंडावर अलगद बसवायचं, तळाशी बोटभर पाणी ठेवायचं आणि ते झाडाला टेकू द्यायचं नाही. माझ्याकडे असं एक झाड पाच आठवडे जसंच्या तसं होतं. मग एका सकाळी बुडाशी हिरवं, ओलसर चमकणारं मुळाचं टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं.

पारदर्शक ग्लास अशासाठी की मुळं स्वतः सांगतात. वाळली की चंदेरी-राखाडी, ओली असली की हिरवी. चंदेरी दिसली की सकाळी पाणी ओता आणि पूर्ण निथळू द्या, हिरवी असतील तर थांबा. वार ठरवून पाणी घालू नका. माझ्याकडे मे महिन्यात तीन दिवसांनी लागतं आणि पावसाळ्यात कधीकधी दहा दिवसांनी. पालिकेचं तलावाचं पाणी चालतं, बोअरचं किंवा टँकरचं टाळा. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर कापडाच्या टोकानं टिपून घ्या. ग्रिलमध्ये पावसाची झड येत असेल तर झाड आत घ्या, पण हवा खेळती हवी. पूर्वेची खिडकी उत्तम. खत नवं मूळ फुटल्यावरच, एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

वर्षातून एखादं सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन गळतं, ते म्हातारपण. ते ओढू नका, आपोआप सुटेल. सगळी पानं फिकट, कडा लालसर असतील तर ऊन जास्त होतंय. तुमच्या झाडाला उसासारखी कांडी असेल तर ते डेंड्रोबियम, ऑर्किडचाच दुसरा प्रकार. जुन्या कांड्यांची पानं झडणं त्याला नेहमीचंच.

पिवळं झालेलं पान परत हिरवं होणार नाही आणि सुरकुतलेलं पूर्ण भरेलच असं नाही. वाट नव्या पानाची बघा, दोन-तीन महिने लागतील. फुलांचा विचार पुढच्या थंडीत. दांडा येण्यासाठी काही आठवडे रात्री गार लागतात आणि मुंबईत त्या डिसेंबर ते फेब्रुवारीतच मिळतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

कुंडी उपडी करण्याआधी मधलं सर्वांत कोवळं पान हलकेच हलवून बघा. ते बुडाशी काळं पडून हातात सुटून आलं तर कूज गाभ्यात गेलीय, मग आशा कमी. घट्ट असेल तर आजच मुळं बघा आणि किती टणक निघाली ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगते.