ठरवलेलं ध्येय दोन आठवड्यांत का सुटतं?

कारण ध्येय ठरवतानाच आपण स्वतःला फसवतो. नुसतं ठरवलं की लगेच बरं वाटतं, काम मात्र सुरूही झालेलं नसतं. अंदाजही सोयीचे. मानसशास्त्रज्ञ ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल म्हटलं, लागले ५५. मागचे अनुभव आठवत असतात, पण 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती' म्हणून आपण ते बाजूला सारतो. म्हणून आकडा नोंदीवरून ठरवा: गेल्या महिन्यात आठवड्याला दोनदा व्यायाम झाला असेल, तर लक्ष्य तीनदा. सहादा नाही.

मग नेमका अडथळा शोधा. 'वेळ नाही' ही बहुतेकदा थाप. 'घरी आलो की मोबाइल घेऊन लोळतो' हे खरं. त्यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं 'जर-तर' वाक्य वापरा: 'घरात शिरलो, तर मोबाइल चार्जिंगला लावून लगेच व्यायामाचे बूट चढवीन.' 'जमेल तेव्हा करीन' यात वेळही नाही, जागाही नाही, त्यामुळे ते जमतच नाही.

एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. दमछाक होते आणि तिसराही बुडतो.