गोळी किती वेळ टिकते, हे घरी कसं मोजायचं?

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत, आठ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ९ वाजता असते. ‘गोळी किती वेळ टिकते?’ असं डॉक्टर दर वेळी विचारतात आणि आम्ही गडबडतो. घरी मोजता येईल का?

उत्तर: येईल, पण हाताचा कंप मोजू नका. पाहुणे आले, मनावर ताण आला की गोळी नीट चालू असतानाही कंप वाढतो. मोजायचा तो हालचालीतला मंदपणा.

हात असलेल्या खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावा. उठून पट्टीपर्यंत चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाईलवर सेकंद मोजा. वळताना तोल जातो, तेव्हा कुणीतरी शेजारी हवंच. मग अंगठा आणि तर्जनी जमेल तेवढी फाकवून भराभर दहा वेळा टेकवायला सांगा. असर नसेल तर पाचव्या-सहाव्या खेपेपासून बोटांमधलं अंतर आक्रसत जातं. हे सगळं ७ च्या गोळीआधी, ८ वाजता आणि मग १२ पर्यंत दर तासाला करा. समजा ७ ला २४ सेकंद लागले, ८ ला १४ आणि ११ ला पुन्हा २२, तर १२ ची गोळी येण्याआधीच असर उतरतोय.

भेटीआधी सलग तीन दिवस वहीत दर अर्ध्या तासाची नोंदही ठेवा: झोप, ऑफ (अंग जड, पावलं चिकटलेली), ऑन (गोळी लागू, हालचाल मोकळी), किंवा ऑन पण अंग वेडंवाकडं हलतंय (यालाच डिस्कायनेशिया म्हणतात). रात्री बसून आठवून लिहिलेली वही बिनकामाची. शेवटच्या रकान्यात घोटाळा फार होतो, कंपालाच डिस्कायनेशिया समजलं जातं. कंप एका लयीत असतो, बहुधा हात मांडीवर निवांत असताना. डिस्कायनेशियात अंग लयीशिवाय झुलतं, वळतं, आणि तेही बहुतेकदा असर ऐन भरात असताना. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून शंका आली की व्हिडिओ काढा.

जेवणाची वेळही लिहा. दुपारचीच गोळी लागू पडत नसेल तर आधी ताट बघा: डाळ, दूध, पनीर, अंडी यांतली प्रथिनं शोषणात आडवी येतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. बद्धकोष्ठतेनेही असर उशिरा सुरू होतो. प्रथिनं मात्र बंद करू नका.

आकडे हाती आले म्हणून डोस स्वतः बदलू नका. गोळी एकदम थांबवणं तर धोक्याचंच. वही आणि ऑन-ऑफचा एकेक व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.